शनीजवळच्या चंद्राचा नमुना

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी महिनाभर राहुरीला घरी आले होते. पुण्यातलं काम लॅपटॉपवर सोबत होतंच. अवकाशातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीनं शनीच्या एका छोट्या चंद्राचा प्रकाश टिपला होता. त्या प्रकाशाच्या आलेखावरून तिथं कुठला वायू आहे, कसलं बर्फ आहे, ते मी शोधत होते.

एका सकाळी आलेखात मिथेन वायूची खूण दिसली. चांगली ठळक. या चंद्रावर ती आजवर कुणाला सापडली नव्हती. मी उठले, उगाचच तांब्याभर पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

"काय गं, लई खुशीत?" कॉटवर पाय लांब करून बसलेल्या अण्णांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. अण्णांची सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "नमुना कुठनं घेतला?"

"चंद्रावरचाच की."

"तसं न्हाई. शेजारी काय हाय? आमच्याकडं लोक उकिरड्याजवळची माती पिशवीत भरून आणायचे. रिपोर्ट झकास यायचा, पण उकिरड्याचा. रानाचा न्हाई."

"शेजारी शनी आहे," मी म्हणाले आणि परत लॅपटॉपकडं वळले. शनीच्या वातावरणात मिथेन भरपूर. चंद्राच्या प्रकाशात मिसळलेली शनीची झळाळी मी वजा केली होती, पण तयार प्रोग्रॅमवर विसंबून.

दुपारी चंद्राच्या बाजूचं मोकळं आकाश तपासलं. तिथंही तीच खूण!

"गेलं, अण्णा. ते शनीचंच होतं."

त्यांचा चेहरा उतरला. "मी उगं बोललो व्हय?"

मला रडू येत होतं, तरी हसले. "वाचवलंत मला. संध्याकाळी पुण्याच्या सरांना कळवणार होते."

आई आतून म्हणाली, "म्हंजे शनीनंच खोडा घातला की!"

झळाळी नीट वजा करून मी नवा आलेख काढला. अण्णा चष्मा लावून स्क्रीनवर वाकले. मधल्या एका खोल खळग्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे काय?"

"पाण्याचं बर्फ. ते खरंच तिथलं आहे."

"मग पाणी तर हाय की," अण्णा म्हणाले, आणि भाजलेल्या शेंगांची ताटली त्यांनी माझ्याकडं सरकवली.