अल-खोबरचं साडेमाडे

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा अर्धं रिकामं होतं. आखातातली लढाई नुकतीच थांबली होती. लोक तिकडून परतत होते आणि मी, रत्नागिरीचा बॉयलर तपासणीस, दोन महिन्यांच्या कामासाठी तिकडेच निघालो होतो. आई म्हणाली, "तुझं सगळं उरफाटंच."

अल-खोबरला पोचलो तर भरदुपारी आकाश काळवंडलेलं. कुवेतच्या तेलविहिरी जळत होत्या. कॅम्पच्या खिडक्यांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या तशाच होत्या. मेसमध्ये हमूरचं (इथला चवदार मासा) कालवण आलं, पहिला घास घेतो तोच बाहेर ठण्ण आवाज! अख्खी मेस टेबलाखाली. मीही, कालवण सदऱ्यावर.

हातोडा घेऊन एक दाढीवाले गृहस्थ ओशाळून आत आले. हे दापोलीचे वेल्डर इस्माईलभाई.

"घाबरू नका, मीच पाइपावर हाणला. पोराला पळायला सुटायचा इशारा द्यायचा व्हता."

पोर म्हणजे एल्टन. अठरा वर्षांचा, सेंट लुसिया या कॅरिबियन बेटावरचा. आई इथे नर्स, हा आमच्या गोदामात कारकून. पळायला लागला की वाराच. पण बेटावरच्या मोठ्या शर्यतीत घाईघाईने दोनदा आधीच सुटला आणि बाद झाला. तीन महिन्यांनी बेटाच्या संघाची निवड होती. पुन्हा तसंच झालं तर गोदामच नशिबी.

सुटताना पाय रोवायला भाईंनी त्याला पाइपाच्या तुकड्यांचे पायटेकू वेल्ड करून दिले होते. आता मेसने हातोड्यावर बंदी घातली, तेव्हा भाईंना आपली शाळा आठवली. "एक, दोन, साडेमाडे..."

सगळी गोम त्या साडेमाड्यात. कधी ते झटक्यात संपे, कधी भाई मधेच दाढी खाजवत. एल्टन 'साडे'लाच सुटे.

"यल्ला (चल), मागं ये! तीन झाल्याबिगर हलायचा नाय!"

"भाई, साडेमाडे टू लाँग!"

"लाँगच हाय ता. जिंकायचा हाय ना?"

माझ्या शेवटच्या शुक्रवारी कॅम्पचे सहा फिटर त्याच्याविरुद्ध उतरले. भाईंनी साडेमाडे इतकं ताणलं की सहाही जण सुटले. एल्टन मात्र वाळूवर बोटं टेकून जागच्या जागी. पुन्हा रांग लागली. "तीन!" आमचे गडी निम्म्यात होते तेव्हा तो पोचून मागे बघत होता. मी ओरडून घसा बसवून घेतला. जणू माझाच मुलगा पळत होता.

रत्नागिरीला परतल्यावर दोनेक महिन्यांनी भाईंचं पत्र आलं. निवडीच्या वेळी एल्टनच्या शेजारचा आधीच सुटला, हा हलला नाही. दुसऱ्या खेपेला पहिला आला. संघात घेतलंय. कॅम्पात शिरा वाटला. खाली लिहिलं होतं, "तो विचारतो, साडेमाडे म्हणजे काय? मला म्हाईत नाय. तुम्ही शिकलेले, कळवा."

पत्र दोनदा वाचलं. मग शब्दकोश काढला, शेजारच्या गुरुजींना गाठलं. कुणालाच नीट सांगता येईना. शेवटी कार्डावर लिहिलं: साडेमाडे म्हणजे इस्माईलभाई तीन म्हणेपर्यंत थांबणं.