चिंधुरावाची झोप

जऊळक्याच्या शिवारात सोयाबीनचं निंदण निघालं की पहिला सांगावा तुळसाबाईला. तिचा हात काही फार चपळ नाही. खरं सांगायचं तर जमनाबाई तिच्या दुप्पट निंदते. पण तुळसाबाई बायांच्या पातीत, म्हणजे निंदणाच्या रांगेत, बसली की गोष्ट सांगते, आणि गोष्ट रंगली की आठही बायांची खुरपी अशी पळतात की बस!

गोष्ट एकाच माणसाची, झोपाळू चिंधुरावाची. तो बैलगाडीत झोपला, स्वतःच्या हळदीत झोपला, एकदा तर सासऱ्याच्या मयतीत घोरला. अकरा वर्षं झाली, गडी तसाच आणि बायको त्याच्या नावानं बोंबलतेय. हा चिंधुराव म्हणजे तुळसाबाईचा नवरा जानराव, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आज सकाळी मात्र जानराव हात जोडूनच पुढं उभा राहिला.

"तुळसा, दोन वर्सं झाले, मी चार वाजता उठून ढोरं पाह्यतो. तरी मालेगावच्या बाजारात लोक मले चिंधुरावच म्हन्तात. मी सुधरलो, मंग तो काहून नाही सुधरत? उठव ना त्याले!"

तिला फार वाईट वाटलं. उठवते म्हणून तिनं शपथ घेतली.

झालं, पातीतल्या गोष्टीत चिंधुराव पहाटे उठला.

"मंग?" जमनाबाईनं विचारलं.

"मंग त्यानं ढोरायले चारा टाकला."

"मंग?"

"मंग चहा केला."

खुरपी थांबली. "ताप आला काय त्याले?" पातीतली मंजू म्हणाली. "बाई, हा कोन आनला तू? आमचा चिंधुराव दे!"

तुळसाबाई पेचात पडली. शपथ मोडावी तर घरचा माणूस रुसतो, पाळावी तर पात थांबते. घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "पन त्याची बायको उठेचना!"

"काय?"

"चहा थंडा झाला, कोंबडे थकले, बायको घोरून राह्यली! त्यानं कानापाशी थाळी वाजवली, तं तिनं कूस बदलली!"

अगं बाई, काय हसल्या! मंजू तर शेताच्या कडेला धुऱ्यावर लोळली. पात सुसाट निघाली. "पानी टाक तिच्या तोंडावर, चिंधुराव!" जमनाबाई ओरडली. "उठव तिले!"

चहाची किटली घेऊन जानराव धुऱ्यावर येऊन उभा होता, ते कुणी पाहिलंच नव्हतं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"निजू द्या ना तिले," तो म्हणाला. "लय वर्सं एकटीच जागली बिचारी."

बाया त्याच्याकडं वळल्या. आणि तुळसाबाईला इतकं बरं वाटलं, की पुढं काय सांगायचं तेच तिला सुचेना.