कॉफीच्या वासाची परीक्षा

मद्रासला मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेत असताना आमच्या सरांचा एक नियम होता: वासाची चाचणी कोणी गाळायची नाही. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पहिली वासाची. पण घाईत आम्ही शिकाऊ डॉक्टर दुसरीपासूनच सुरुवात करत असू. म्हणून प्रत्येकाच्या खिशात कॉफीपुडीची कुपी आहे की नाही, हे सर स्वतः पाहत. मला म्हणत, "बायकांचा हात हलका असतो म्हणतात. तपासणी हलकी नको."

सुट्टीत कुंभकोणमला आले की मी वडिलांवर सराव करी. शाळामास्तरकीतून निवृत्त झाले, तरी अप्पांची परीक्षा घेण्याची हौस सुटली नव्हती. ते मुद्दाम खोटी लक्षणे दाखवीत आणि ती मी पकडायची, असा आमचा खेळ होता. ते उजवा पाय ओढू लागले आणि मी "अप्पा, काल डावा होता" म्हटले, की समाधानाने हसत.

त्या पोंगलच्या सुट्टीत मी त्यांना डोळे मिटायला सांगितले, एक नाकपुडी बोटाने दाबली आणि दुसरीखाली कुपी धरली.

"काही नाही गे."

"अप्पा, ही लबाडी फार सोपी आहे."

"लबाडी नव्हे."

दुसऱ्या बाजूनेही तेच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "खेळ नव्हे तो. परवा कॉफीच्या बिया करपून काळ्या झाल्या, अन् हे चुलीपाशीच बसलेले. मज तुळशीपाशी वास आला."

आमच्या घरी बिया रोज अप्पाच भाजत, आणि भाजत ते केवळ वासावर. मी दिव्याने त्यांच्या डोळ्यांच्या तळाशी पाहिले. तिथे नजरेच्या नसेचा काठ रेखीव दिसायला हवा. तो सुजून पुसट झाला होता. सर्दीने असे होत नाही. कवटीत काहीतरी वाढत होते आणि आता धोका नजरेला होता.

"गुण किती?" अप्पांनी विचारले.

"मद्रासला चलायचे आहे," मी म्हणाले.

शस्त्रक्रिया सरांनी केली. मला हातात काही न देता त्यांनी अप्पांच्या पायांशी उभे केले. मी चादरीखालून अप्पांचा अंगठा धरून राहिले. शिकाऊ डॉक्टरने तसे करू नये. सरांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी मला तिथेच राहू दिले.

गाठ निघाली, नजर वाचली. वास परत आला नाही.

बिया मात्र अजून अप्पाच भाजतात. मी घरी असले की चुलीजवळ डोळे मिटून बसते.

"आता?"

"नाही, अप्पा."

"आता?"

"थोडे थांबा."

"सावकाश सांग. परीक्षा तुझी आहे."

कच्चा वास सरतो, धुरकट गोडवा वर येतो, आणि मी म्हणते, "उतरवा."