चार नंबरचा वारा

आईच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शेजारच्या काकीने फोनवर हेच शब्द वापरले. आमच्या रत्नागिरीकडे पक्षाघात म्हणतात ते फक्त डॉक्टर, बाकी सगळ्यांच्या दृष्टीने वारं जातं. कुणाच्या हातावरून, कुणाच्या तोंडावरून. आईची अख्खी उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. शिमग्याच्या आधीची गोष्ट.

महिन्याभराने तिला घरी आणलं. घरात आम्ही दोघीच, मी शाळेत असले की काकी अधूनमधून डोकावायची. भाऊ मुंबईला, तो शनिवार-रविवार येऊन जायचा आणि बाकीच्या दिवसांत वस्तू पाठवायचा. वॉकर पाठवला, हवेची गादी पाठवली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक छोटा चार्जिंगचा पंखा पाठवला. हातात धरायचा, नाहीतर खालची दांडी दुमडून टेबलावर उभा करायचा. एकच बटण. एकदा दाबलं की एक नंबर, पुन्हा दाबलं की दोन, असं पाचपर्यंत. त्या दिवसांत लाइट सारखी जायची आणि दुपारी घरात बसवत नव्हतं. आईला तर कूसही बदलता येत नव्हती. पाठीला घामोळं आलं होतं. पंखा बघून मला खरोखर हायसं वाटलं.

आता मी पडले विज्ञानाची बाई. वस्तू हातात आली की ती नुसती वापरणं मला जमत नाही. मी दोन ओले रुमाल दोरीवर घातले आणि कितव्या नंबरवर किती वेळात वाळतात ते घड्याळ लावून बघितलं. एक नंबर म्हणजे कुणीतरी लांबून उसासा टाकल्यासारखा. आपल्याकडच्या दमट हवेत त्याने घाम कसला वाळतो! दोन-तीन बरे. पाचवर मोटार किरकिरायची. चार नंबर, तोंडापासून एक वीत अंतर, हे मी नक्की केलं आणि पंखा आईच्या उजव्या हाताला स्टुलावर ठेवला. लुळी बाजू तीच, तिथे जास्त हवा हवी असं माझं शास्त्र. आईला हे सगळं समजावूनही सांगितलं. घाम वाळला की अंग गार होतं, वगैरे. ती माझ्याकडे बघत राहिली.

तोवर तिचे तीन-चार शब्द परत आले होते. "बाय" म्हणजे मी. "चा" म्हणजे चहा. "नको" तर लवकरच आला. पंखा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. बराच वेळ ओठ हलवून, गळ्याच्या शिरा ताणून ती म्हणाली, "वा...रा." आणि मग, "नको."

नवा शब्द आला म्हणून मी टाळ्या वाजवल्या. शब्दाचा अर्थ काय, तो मी आधीच ठरवून टाकला होता. कारण आदल्या दिवशी काकी येऊन गेली होती आणि पंखा बघून दारातच थबकली होती.

"अगो, वारं गेलेल्या मानसाला वारा घालतंस? काय म्हनायचा तुला! शिकलीस ना गो तू?"

"काकी, शिकले म्हणूनच घालते," मी म्हणाले होते. "मेंदूत गाठ झाली होती रक्ताची. त्यात वाऱ्याचा काय संबंध?"

तेव्हा मला वाटलं, काकीनेच हे आईच्या डोक्यात भरवलं. आयुष्यभर वर्गात चुका खोडण्याची सवय. आईची ही चूकही मी खोडायला घेतली. ती "वारा नको" म्हणाली की मी धडा शिकवल्यासारखं सांगायची, "आई, तो वारा वेगळा आणि हा वेगळा." ती तोंड डावीकडे वळवायची, मी हनुवटीला धरून सरळ करायची. एकदा तिने चांगल्या हाताने उशी ओढून पंख्यावर टाकली. पंखा खाली पडून त्याची जाळी पिचकली. मी चिडले. सकाळभर शाळा, घरी आल्यावर धुणं, भांडी, तिचं अंग पुसणं, वर हे. मी म्हणाले, "लहान बाळासारखं करू नकोस. तुझ्या भल्याचं करते ना मी?" आवाज चढला होता, एवढा की काकीच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं.

त्यानंतर आई "वारा" म्हणाली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायचं. मला वाटायचं, रडते. आजारी माणूस हळवं होतंच, म्हणून मी पदराने पुसायची, कधी मायेने, कधी घाईने. दुपारी ती झोपली की तो डोळा अर्धा उघडा असायचा. मला वाटायचं, जागी आहे. मग डोळा लाल झाला. मला वाटलं, डोळे आलेत, साथ आहे. दुकानातून थेंब आणले. किती वेळा "मला वाटलं" म्हणायचं? आईला काय वाटतं ते विचारायचं सुचलं नाही, कारण तिला बोलता येत नव्हतं. आणि जे दोन शब्द ती बोलत होती ते मी अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

माझी आई मासळी बाजारात सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक. बांगड्याचा डोळा किंचित जरी पांढुरका दिसला तरी टोपलीत परत टाकायची. मी तिच्याबरोबर तिशी उलटेपर्यंत बाजाराला गेले आणि एवढं शिकले नाही. तिच्या बुबुळावरचा पांढरा ठिपका मला दिसला तो पंखा सुरू केल्यापासून अठराव्या दिवशी, तोही भावाने दाखवला म्हणून.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. डावा मिटला. उजव्याची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली, खाली पांढरं दिसत राहिलं.

"कुणाकुणाचं होतं असं," ते म्हणाले. "पापणी पुरती मिटत नाही, डोळा कोरडा पडतो. त्यात जखम झाली आहे. पंखा तोंडावर असतो का यांच्या?"

"लाइट गेली की, थोडा वेळ," मी म्हणाले. "एक नंबरवर."

आई शेजारच्या चाकांच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि सांगितलं, एकवरही नको, अंगावर सोडा, तोंडावर नको. एवढं सोपं होतं. पंखा पायांकडे वळवला असता तर चारच काय, पाच नंबरही चालला असता.

मलमं झाली, डोळ्यावर पट्टी झाली, पापणी चिकटवून ठेवणं झालं. जखम भरली, पण डोळ्यात फूल पडलं ते पडलंच. त्या डोळ्याने आता तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. भावाला मी सांगितलं, आजारामुळे झालं. ते खोटंही नाही, पण त्यात चार नंबर येत नाही. काकीला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, आणि ते मला जास्त लागलं.

जूनमध्ये वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की चित्रं दाखवून शब्द काढून घ्या. हे माझं काम. मी कार्डशीट कापून चित्रं काढली. तांब्या, कोयता, फणस, गाय, हात, पाय. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास. तिने शब्द म्हटला की मी "बरोबर" म्हणायची आणि मगच पुढचं चित्र. आईला ते "बरोबर" फार आवडायचं. तेवढ्यासाठी ती घाम येईपर्यंत झटायची.

डोळ्याचंही चित्र काढलं होतं. शरीराचे अवयव शिकवताना ते गाळायचं कसं? पण मी ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायची आणि वेळ संपली म्हणून गठ्ठा बांधून टाकायची. असे दोन महिने गेले.

श्रावणात एका संध्याकाळी चहा उतू गेला म्हणून मी आत धावले. परत येते तर आईने डाव्या हाताने चित्रं पलंगभर पसरली होती आणि डोळ्याचं चित्र मांडीवर घेतलं होतं. मला बघून तिने ओठ जुळवायला सुरुवात केली. मी ते काढून घ्यायला हात पुढे केला, तिने माझा हात बाजूला सारला.

"डो...ळा," ती म्हणाली. मग स्वतःच्या उजव्या डोळ्यापाशी बोट नेलं. "डोळ्याला." थांबली. श्वास घेतला. "डोळ्याला वारा नको."

एप्रिलपासून तिला हेच सांगायचं होतं. तेव्हा तिच्याकडे दोनच शब्द होते, तिसरा सापडत नव्हता. तो आत्ता सापडला होता.

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाक्य पुरं झालं याचा आनंद होता, वाकड्या तोंडाने ती चक्क हसत होती. मी कार्डशीटच्या कडा चाचपत उभी राहिले. तिची क्षमा मागायची तर आधी तिला सगळ्याची आठवण करून द्यावी लागणार होती, आणि तिला तर सगळं आठवतच होतं. ती वाट बघत होती. "बरोबर" येईना म्हणून तिचं हसू जरा कमी झालं. आपलं चुकलं की काय, असं तिला वाटलं असावं.

"बरोबर, आई," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि पुढच्या चित्रासाठी हात पुढे केला.