चांगल्या रक्ताची नळी

चोविसाव्या वर्षी मला दोन गोष्टींचा फार गर्व होता: माझ्या पांढऱ्या कोटाचा आणि माझ्या रक्ताचा. कोट सरकारी होता, तोही दोन मापं मोठा. रक्ताची हकीकत सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पैनगंगेच्या अलीकडे, तेलुगू मुलखाच्या हद्दीत, जैनथ गावाच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायला होते. डॉक्टर, एक शिपाई आणि मी, एवढाच कारभार. सिकलसेल, म्हणजे रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार, तपासायचं सामान नवीनच आलं होतं: पावडरच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि काळ्या रेघा छापलेलं एक कार्ड. नळीतल्या पाण्यात पावडर कालवायची, रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटांनी नळी कार्डासमोर धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर रक्त चांगलं. नाही दिसल्या तर त्यात ते वाकडं हिमोग्लोबिन आहे. जोडीला एका धडधाकट माणसाच्या रक्ताची नळी ठेवायची, म्हणजे फरक कळतो. आता धडधाकट माणूस शोधायला कुठं जायचं? मी होतेच की! दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर. माझ्याहून चांगलं रक्त तालुक्यात कोणाचं असणार?

पहिलीच आली ती नऊ-दहा वर्षांची पोरगी. कापूस वेचणीचे, थंडीचे दिवस. आईनं तिला पाठीवर आणलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. ती रडत नव्हती. तोंड मिटून एकाच सुरात गुणगुणल्यासारखा आवाज काढत होती, आणि तो आवाज गळ्यातून नाही, पायांतून येतोय असं वाटत होतं.

"हाडं रडतेत तिचे," आई म्हणाली. "थंडी पडली का सुरू होते. लोक म्हनतेत करनी हाय. परवा अवस, भगत पायाले डाग देनार हाय. तिचा बाप म्हनते, दवाखान्यात काही निंगालं तर दवाखाना, नाही निंगालं तर भगत. पाहा न बाई."

म्हणजे तापलेली सळई की दवाखाना, हे माझ्या नळीवर ठरणार होतं. मी ऐटीत तिचं बोट टोचलं, मग माझं. पाच मिनिटांनी तिची नळी कार्डासमोर धरली. रेघा नव्हत्या. माझी धरली. रेघा नव्हत्या.

नळ्या पुसल्या, खिडकीशी नेल्या. बाहेर दुपारी बाराचं ऊन, आणि माझ्या हातात त्या दोन नळ्या, ताकात कुंकू कालवल्यासारख्या. त्यातली पोरीची कोणती आणि माझी कोणती, मलाच ओळखू येईना. परत टोचलं. परत तेच. पोरीचा सूर मध्येच थांबला होता. ती माझ्याकडेच बघत होती.

पण अक्कल? ती त्या ढगळ कोटात कुठंतरी हरवलेली. माझं रक्त चांगलं, म्हणून पावडर खराब. लावला निकाल!

"पावडर बिघडली आहे. पुढच्या आठवड्यात या."

"म्हंजे काही नाही निंगालं?"

"आज काही सांगता येत नाही, म्हटलं ना."

तिनं पोरीला पाठीवर घेतलं. घरी जाऊन ती काय सांगणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी नळ्या धुवायला घेतल्या.

डॉक्टर मीटिंगला गेले होते, ते अवसेच्याच सकाळी परतले. माणूस तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. मी पावडरची तक्रार सांगितली तसे ते थांबले. "पावडर खराब हुई तो पानी साफ रहता अम्मा. मैला नहीं होता."

त्यांनी शिपायाचं बोट टोचलं. बिड्या ओढून ओढून खोकणारा म्हातारा, पण त्याच्या नळीतून रेघा लख्ख! मग माझा थेंब काचेवर घेऊन, औषध घालून, वर पातळ काच ठेवली आणि हवा जाऊ नये म्हणून कडा व्हॅसलिननं बंद केल्या. मायक्रोस्कोपमधून आधी पाहिलं तेव्हा पेशी बत्ताशांसारख्या गोल. थोड्या वेळानं पाहिलं तर काही वाकल्या होत्या, टोकदार झाल्या होत्या. काचेला कोणी हात लावला नव्हता. मी डोळा लावून बसले, आणि बघता बघता अजून एक वाकली. माझ्याच अंगातून निघालेलं ते, मला न विचारता, दुसरंच काही होत होतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हिमोग्लोबिन म्हणजे प्रोटीन, मण्यांची माळ. माझ्या माळेत एक मणी बदललेला. तशी माळ आई-बापांपैकी एकाकडूनच आली, म्हणून मला त्रास नाही. पोरीला दोघांकडूनही आली असेल. आजार ओळखायची खूण तेच प्रोटीन, आणि उद्या औषध निघालं तर त्याचा नेमही त्याच प्रोटीनवर. एवढं बोलून त्यांनी विचारलं, "वो बच्ची किधर है?"

नळ्यांची पेटी घेऊन डॉक्टर, शिपाई आणि मी जीपनं निघालो. जीप गावात शिरली तेव्हा गाव रिकामं होतं. सगळे कापसात. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. फक्त कुडाच्या भिंतीमागून तो सूर येत होता.

अंगणात निखाऱ्यांत सळई होती. पोरीच्या नडगीवर एक डाग देऊन झाला होता. दुसऱ्यासाठी बाप पाय धरून बसलेला.

"थांबा! रक्तात निघालं आहे."

बापानं पाय सोडले नाहीत. "परवा नाही निंगालं म्हने. आज जीपीत बसून आलं का?"

"परवाच निघालं होतं. चूक माझी. माझ्या रक्तातही तेच आहे, म्हणून मी पावडरीला नावं ठेवली."

तिथंच बसून मी माझं बोट टोचलं, मग शिपायाचं, मग पोरीचं. पाच मिनिटांनी तीन नळ्या कार्डासमोर धरल्या. शिपायाच्या नळीतून रेघा दिसल्या, आम्हा दोघींच्या नळ्यांतून नाही. बाप वाकून बघत राहिला. भगतही बघत होता. "इच्यातबी हाय," असं पुटपुटत तो माझ्यापासून दोन पावलं मागं सरला. मला घाबरलेला जन्मातला पहिला माणूस!

आईनं विचारलं, "तुमाले दुखत नाही?"

"नाही."

"मंग माह्या पोरीलेच काऊन?"

बापानं पाय सोडले, आणि पोरीला उचलून जीपमध्ये ठेवलं.

ती जगली. दर थंडीत दुखण्याशी भांडत भांडत जगली. नव्वदचं दशक सरता सरता शहरातल्या डॉक्टरांनी तिला एक कॅप्सूल सुरू केली. ती वाकडं प्रोटीन सरळ करत नाही म्हणे. आईच्या पोटात असताना आपल्या रक्तात जे प्रोटीन असतं, जन्मल्यावर जे झोपी जातं, त्याला ती परत जागं करते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तिला मात्र गंमत वाटत होती. माझ्या ओसरीवर चहा पिताना तिनं लुगडं जरा वर केलं आणि नडगी दाखवली.

"हा डाग भगताचा नाही, बाई. हा तुमचा हाय."

आणि हसायला लागली. मीही हसले, जरा उशिरानं.