रविवारचा टॉवेल

मी जर्मनीला निघाले तेव्हा नायगावच्या आमच्या चाळीचा अख्खा दुसरा मजला टॅक्सीपर्यंत उतरला होता. शेजारच्या सुनंदाने माझी बॅग डोक्यावर घेतली होती. आई एवढंच म्हणाली, "तू जगाचा कॅन्सर बघ. मला बघायला हा मजला आहे."

शेजाऱ्यांनो, ते वाक्य तुम्ही फारच मनावर घेतलंत.

इथे लॅबमध्ये माझं काम काय, ते एकदा ऐका. कॅन्सरच्या पेशी शरीरातल्या पहारेकरी पेशींना 'सगळं बरं आहे' अशी खोटी खूण दाखवतात आणि पहारेकरी पुढे निघून जातात. हे खोटं उघडं पाडायचा मला पगार मिळतो. आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसायची. "आत्ताच न्हायले गं. सगळं बरं आहे." सात महिने, दर रविवारी, आई नुकतीच न्हायलेली! आणि मी, डॉक्टरेटवाली, इथल्या पिठाच्या भाकऱ्या का तुटतात ते तिला विचारत बसायचे.

तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. परळचं इस्पितळ चालत जाण्याजोगं. पाळ्या लावून तुम्ही तिला केमोला नेलंत, पेज करून भरवलीत. उपकार मानते. पण या चाळीतून कॅन्सरवर काम करणारी एकच बाई निघाली, आणि नेमकं तिलाच कळू दिलं नाहीत? फोन आला तो आईची शुद्ध हरपल्यावर. मी पोचले तेव्हा ती गेली होती.

सुनंदाला मी जिन्यातच गाठलं.

"शपथ घातलेली तिने," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर सगळं टाकून आली असतीस."

"आलेच असते! माझा हक्क होता तो."

ती घरात गेली. आतून इस्पितळाची फाईल आणून माझ्या हातात दिली. पहिल्या पानावर सोबत येणाऱ्याचं नाव होतं, सुनंदा. नातं, मुलगी. अक्षर आईचं.

तो राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

आता चाळ पाडली. सुनंदा तिथल्याच नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहते. घर कुठलं विचारलं की मी अजून नायगावच सांगते, आणि रविवारचा कॉल आता तिला लावते. परवा बघते तर ही डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेली.

"आत्ताच न्हायले गं," म्हणाली.

"काढ तो."

तिने तो काढला. ओले केस खांद्यावर पडलेले दिसेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.