तांबड्या मातीत घुंगरू

"माझ्या गावात नाचायचंय. येतेस का?" एवढंच अभि फोनवर म्हणाला आणि मी लाटणं हातात घेऊनच किंचाळले. पोळी तव्यावर करपली, ती करपूच दिली.

अभि माझा जुना मित्र. पुण्यात कथक शिकवतो. तो समलिंगी आहे, आणि हे त्याने घरी सांगितलं तेव्हापासून त्याच्यात आणि त्याच्या वडिलांच्यात, म्हणजे आण्णांच्यात, "जेवलास का" आणि "ऊस तुटला का" एवढंच बोलणं उरलंय. आण्णांनी त्याला नाचताना एकदाही पाहिलेलं नाही. घरी टीव्हीवर नाच लागला तरी उठून गोठ्याकडे जातात म्हणे. आणि आता कार्यक्रम त्यांच्याच गावात, सांगली जिल्ह्यात, आष्ट्याच्या थोडं पुढे. तोही कुठे, तर कुस्तीच्या मैदानात! क्वीअर, म्हणजे समलिंगी-तृतीयपंथी वगैरे, कलाकारांची उघड्यावरची नृत्यसंध्या, पैलवानांच्या तांबड्या मातीत. ही करामत गावची सरपंच सुनीता हिची. ती अभिची शाळेतली मैत्रीण. जत्रेच्या कुस्त्यांना अजून अवकाश होता, मैदान रिकामं होतं, तिने ग्रामसभेत विषय मांडला आणि रेटून नेला.

"आण्णा येणार?" मी विचारलं.

"बघू म्हणालेत."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते लग्नाच्या मुलींना आणि कर्ज मागणाऱ्यांना विचारा. मी गाडीत हवा भरून आणली आणि शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

पुणे ते सातारा

महामार्ग तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे कौतुक करत बसत नाही. एकच सल्ला: साताऱ्याकडचं खंडाळा मागे पडलं की खंबाटकी घाटाच्या आधी चहा पिऊन घ्या, शनिवारी घाटात अडकलात तर तासभर समोरच्या ट्रकच्या मागची शायरी वाचत बसावं लागतं. आम्ही वाचली. एका ट्रकवर 'बघतोस काय, मुजरा कर' होतं. अभिने गाडीतूनच हात कपाळाला लावून कथकमधली सलामी केली. क्लीनर खिडकीतून वाकून हसला आणि त्यानेही सलाम ठोकला.

साताऱ्यात मुक्काम केला. संध्याकाळी शहरावरच्या 'चार भिंती' या टेकडीवर चढलो. वर वारा असा सुटला होता की ओढणी सांभाळू की मोबाईल, असं झालं. खाली दिवे लागत होते आणि अभि हिशेब मांडत होता: आण्णा आले तर कुठे बसतील, मध्येच उठून गेले तर ते त्याला नाचताना दिसेल का, दिसलं तर पाय चुकतील का.

"एवढं वाटतं तर समोर जाऊन बोलव ना," मी म्हटलं.

"समोर जाऊन बोलवलं आणि नाही म्हणाले तर?"

माझ्याकडे कंदी पेढे होते, ते आम्ही तिथेच संपवले. घरच्यांसाठी परत येताना घेऊ म्हटलं. तुम्ही तरी अशी चूक करू नका, जातानाच दोन पुडे घ्या.

सातारा ते गाव

उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, मग डावीकडे वळून इस्लामपूर आणि आष्टा. रस्त्याचं काम जागोजाग चालू आहे, तेव्हा घाई असेल तर घरीच बसा. त्यात गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध राजासारखे चालतात, वर गाणी फुल्ल. हॉर्न वाजवून उपयोग नाही. आपण गाणी ऐकत मागे राहायचं. इस्लामपूरच्या अलीकडे एका ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला, सोबत तंदुरी रोटी आणि कांदा. दोघांचं मिळून पुण्यातल्या एका पिझ्झापेक्षा स्वस्त, आणि वाढपी वर दमदाटी करतो: "रस्सा घ्या की अजून, लाजताय कशापाय?" अभिने अर्धी रोटीसुद्धा संपवली नाही. एरवी हा माणूस माझ्या ताटातलं उचलून खातो.

गाव नदीकाठचं आहे. मैदान वेशीबाहेर, तालमीला लागून: गोल आखाडा आणि तीन बाजूंनी दगडी पायऱ्या, प्रेक्षकांना बसायला. एका कडेला जुनी चिंच. पोरांनी चिंचेला दिव्यांच्या माळा बांधल्या होत्या, स्पीकर लागले होते. आणि सहकलाकार चांदणी आखाड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. चांदणी मिरजेची, तृतीयपंथी, लावणी अशी करते की पायऱ्यांनीही शिट्टी मारावी. पण त्या क्षणी तिचा चेहरा पडलेला होता.

"बघ बाई, काय करून ठिवलंय. ह्यात नाचायचं का भात लावायचा?"

सगळा आखाडा खणलेला होता. माती कुदळीने उकरून, ढेकळं फोडून, लोण्यासारखी मऊ केलेली. अभिने घुंगरू बांधले, चपला काढल्या आणि आत उतरून पाय आपटत एक तत्कार केला. पाय घोट्यापर्यंत आत. आवाज काहीच नाही. शेकडो घुंगरू आणि जणू रजईवर नाचतोय. त्याने पुन्हा पाय आपटला. पुन्हा तेच.

अभि बाहेर आला आणि पायरीवर बसून घुंगरू सोडायला लागला. "तालमीची किल्ली कोणाकडे असते माहितीये? आण्णांकडे. गावात दुसरं कोणी या मातीला हात लावत नाही." त्याचा आवाज चिरकला. "नको होतं तर नको म्हणायचं. असं कशाला करायचं? गाडी काढ."

सुनीता धावत आली. "अभ्या, थांब की रं. मी इचारते."

"काय विचारतेस? दिसतंय ना."

मला खरंच राग आला होता. त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याला काय काय बोलायचं हे मी मनातल्या मनात जुळवत होते, आणि तेवढ्यात तालमीच्या मागून तो म्हाताराच आला. सहा फुटी, जुन्या पैलवानाचे मोडलेले कान, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, दंडापर्यंत तांबडा. एका हातात ताकाची बादली, दुसऱ्यात तेलाची किटली.

"आलास व्हय?" आण्णा अभिकडे न बघता म्हणाले. "जरा थांबा. ताक टाकायचं ऱ्हायलंय. हळद, लिंबू झालं सकाळीच. चाळून घेतलीया सगळी, खडा म्हनून ऱ्हायला न्हाई."

चांदणी बादलीकडे आणि खणलेल्या मातीकडे आळीपाळीने बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं. "आवं आण्णा, पर खणली कशापाय?"

आण्णांना प्रश्नच कळला नाही. "म्हंजी? पोरगं उड्या मारनार, गरागरा फिरनार, म्हनं. पडलं तर लागाय नगं."

जत्रेआधी पैलवानांसाठी माती करतात तशी त्यांनी ती केली होती. आदल्या दिवसापासून, एकट्याने, कोणालाही हात लावू न देता. त्यांना नाचाबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. मातीत उतरणाऱ्या पोराला माती मऊ करून द्यायची, एवढं ठाऊक होतं.

अभि सोडलेले घुंगरू पुन्हा पायात बांधू लागला. मग म्हणाला, "आण्णा, नाचणारा पडत न्हाई."

"पैलवान बी असंच म्हनतो," आण्णा म्हणाले.

चांदणी पदरात तोंड घालून फिस्सकन हसली, आणि मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

मैदान तुडवण्याचा कार्यक्रम

आता पंचाईत अशी की नाचायला घट्ट जमीन हवी. अभिने आण्णांना पाय आपटून दाखवलं, मग पायरीच्या दगडावर आपटून दाखवलं. दगडावर घुंगरू छन्न वाजले. आण्णांनी दोन्ही ऐकलं, मान तिरकी करून पुन्हा वाजवायला लावलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. एवढा मोठा माणूस, चोरी पकडल्यासारखा उभा.

"म्या आधी इचाराय पायजे हुतं," ते म्हणाले.

"मी तरी कवा इचारलं तुमाला काय?" अभि म्हणाला.

कोणीतरी रोलर आणू म्हणालं. आण्णांनी हात झटकला: ह्या मातीत चाक न्हाई, चप्पल न्हाई, फक्त पाय. मग खळं करायचं, ते म्हणाले. पूर्वी मळणीसाठी जमीन तुडवून घट्ट करत, तसं.

सुनीताने माइक घेतला. ऊन उतरत होतं, माणसं जमायला लागली होती. तिने सांगून टाकलं की कार्यक्रम बघायचा असेल तर आधी चपला काढून आत यायचं आणि माती तुडवायची. पहिल्यांदा कोणी हलेना. बायका एकमेकींना ढोसत होत्या, बाप्ये मिशीतल्या मिशीत हसत होते. मग आण्णा आत उतरले, मागून अभि. हलगीवाल्याने, तो खरं तर नंतर चांदणीला साथ करायला आलेला, नुसताच ठेका धरला. बापलेक शेजारी शेजारी पाय आपटत गोल फिरू लागले. आण्णा पाय जड टाकत होते, अभि त्यांच्या मापाने टाकत होता.

अभिची आई, मी त्यांना काकू म्हणते, माझ्या शेजारी उभ्या होत्या. "चल गं," त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढतच नेलं.

त्यानंतर जे झालं ते कोणत्याही तिकिटात मिळणार नाही. अख्खं गाव आत! नऊवारीवाल्या म्हाताऱ्या, सुट्टीवर आलेले दोन फौजी, सांगलीहून कार्यक्रम बघायला आलेले व्यापारी, नखं रंगवलेली कॉलेजची पोरं, चांदणी, सुनीता, मी. वर कोणी पाण्याचा हबका मारतंय, हलगी चढतेय, हळद-लिंबाचा वास दरवळतोय. एक आजी चांदणीला म्हणाली, "तुजा पाय लय हलका पडतोय, दाब की जरा!" चांदणी म्हणाली, "आज्जे, नाजूक हाय मी." आणि दोघी हातात हात घालून दणदणा नाचायला लागल्या. तुडवणं कधी संपलं आणि नाच कधी सुरू झाला, कोणाला सांगता येणार नाही. मी आयुष्यात कधी वरातीतही नाचले नाही, त्या दिवशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या.

दिवे लागले तेव्हा आण्णांनी खाली बसून मातीवर थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "झालं."

संध्याकाळ

पहिल्यांदा कोरेगावकडच्या दोघीजणी आल्या. एक नर्स, एक शिवणकाम करते, दोघी एकत्र राहतात. त्यांनी विहिरीवर पाणी शेंदण्याच्या हालचालींतून बसवलेला नाच केला, एक ओढते आणि दुसरी भरते. शब्द एकही नाही, तरी पुढच्या पायरीवरच्या बायका एकदम गप्प झाल्या. मग चांदणीची लावणी. शिट्ट्या पडल्याच, पण तिने एका शिट्टीवाल्याला डोळ्याने असं काही बसवलं की बाकीचे त्यालाच हसत सुटले.

शेवटी अभि. आण्णा तिसऱ्या पायरीवर, काकूंच्या आणि माझ्या मध्ये. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ. घुंगरू वाजले. वाजले म्हणजे, खणखणीत! आण्णांनी माझ्याकडे बघितलं, जणू ते मीच वाजवले होते. अभि भिरभिर चक्कर घ्यायला लागला तसे त्यांचे ओठ हलायला लागले, मोजत होते बहुतेक.

आणि शेवटच्या चक्करीत अभि पडला.

आडवा, सरळ पाठीवर. पायऱ्यांवरून "आगं आय" असा एकच आवाज आला. आण्णा ताडकन उभे राहिले. मी हा नाच किती वेळा पाहिलाय, त्यात पडणं कुठेही नाही. साथीचा तबला थांबला नव्हता. अभि तसाच पडून राहिला, हात पसरून, वर आण्णांकडे बघत, आणि हसला. मग समेला अलगद उठून उभा राहिला. टाळ्यांनी चिंचेवरचे बगळे उडाले.

आण्णा हळूहळू खाली बसले. "मुद्दाम पडलं गं ते," ते काकूंना म्हणाले. आणि थोड्या वेळाने, कोणालाच नाही असं, "लागलं न्हाई."

परत

दुसऱ्या दिवशी सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतलं, हळदीचा वास नाकात भरून परत फिरलो. तुम्हाला जायचं असेल तर बसायला सतरंजी, डासांचं मलम आणि घोटे झाकणार नाहीत असे कपडे न्या. सुनीता म्हणते दरवर्षी करू. गावात सगळेच खूश आहेत असं नाही, काहीजण वेशीवरूनच परत गेले, एकाने सुनीताला नको ते ऐकवलं. तेही लिहिलं पाहिजे.

मला वाटलं होतं मी एक धाडसी कार्यक्रम बघायला चाललेय. बघून आले ते वेगळंच. गाडीत अभि कऱ्हाडपर्यंत झोपला, उठला तो भूक लागली म्हणत, आणि माझं अर्धं भडंग संपवलं.

काल तो माझ्याकडे जेवायला आला होता. ताटावर असतानाच आण्णांचा फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला.

"पुण्यात पुढल्या महिन्यात हाय म्हनं तुजा कार्यक्रम. खाली काय अस्तंय?"

"लाकडी फळ्या, आण्णा."

"फळ्या? मग लागंल की. चार पोती माती घिऊन येऊ का?"

अभिने घास खाली ठेवला. "पोती ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी या."

"येतो," आण्णा म्हणाले. 'बघू' म्हणाले नाहीत.